ताळा

ग्रिम्सबीला मी वर्षातून एकदा जाते,
मार्च संपता संपता, पहाटेच्या गाडीने,
पिशवीत पांढरा कोट, केसांची जाळी,
आणि चौतीस पानांचा फॉर्म.
गोदीत आता बोटी थोड्या. मासा ट्रकमधून येतो,
आइसलँडहून, नॉर्वेहून,
आणि त्याच्याही आधी येतात त्याचे कागद.

मी कागद बघते.
कुठल्या पाण्यात, कसल्या जाळ्यात, कुठल्या तारखेला,
कुणी विकला, कुणी घेतला,
कुणाकुणाच्या बर्फात निजला.
साखळी म्हणतात तिला. एक कडी निसटली
की पाकिटावरचा शिक्का जातो
आणि तोच मासा, तेवढ्याच चवीचा,
नुसता मासा उरतो.

चव म्हणजे ऐकीव हं.
मी वाईची. आमच्या घरात अंडंसुद्धा आलं नाही कधी.
हे क्लिफर्ड ऑझगर्बीला पहिल्याच वर्षी सांगितलं
तर तो एवढा हसला की सुरी खाली ठेवावी लागली.

क्लिफर्ड टेबल नंबर सहावर उभा आहे
अडतीस वर्षं.
हॅडॉकवर अंगठा दाबतो, सोडतो,
खळगा भरून आला की म्हणतो, हं.
एवढंच. हातच्या कांकणाला आरसा कशाला.
आणि मी दरसाल
आरसा घेऊन येणारी बाई.

शितावरून भाताची परीक्षा असते आमची.
एक लॉट उचलायचा, कुठलाही,
आणि मागे मागे जायचं समुद्रापर्यंत.
या वेळी उचलला गुड फ्रायडेच्या आठवड्यातला.
आत आला दोन हजार किलो.
डोकी, काटे, कातडी वजा जाता
निघावेत नऊशे.
बाहेर गेले नऊशे सत्तर.

पुन्हा केली बेरीज. मग पेन्सिलीने, कडेला,
शाळेत करायचो तसा ताळा करून पाहिला.
सत्तर.
इन्व्हॉइस सगळी जागेवर, सह्या सगळ्या निळ्या,
कागदी घोडे एका ओळीत, लगाम घट्ट,
आणि पागेत एक घोडा जास्त.

मिसेस हॉलगार्थ चहा घेऊन आल्या.
म्हणाल्या, आमच्या क्लिफर्डचा हात असा आहे,
काट्याला एक कण राहू देत नाही.
ते सत्तर किलो त्याच्या हाताचे.
काचेपलीकडून बोलावलं त्याला.
तो आला, रबरी बूट निथळत,
आकडा बघितला. मग त्यांच्याकडे बघितलं. मग आकडा.

“मी चांगला आहे,” म्हणाला.
“इतका नाही.”

फ्रिजची घरघर तेवढी चालू होती.
मग हळूहळू निघालं सगळं:
ऑर्डर अडलेली, ट्रक हलला नव्हता वादळात,
व्हिटबीला त्यांच्या पुतण्याची बोट,
तोच समुद्र, तसाच मासा, ताजा फडफडीत,
फक्त बोटीकडे सर्टिफिकेट नाही.
फी भरायची तर इंजिन राहतं.

खोटं कुणीच बोलत नव्हतं आता.
मी लिहिलं. लिहावंच लागतं.
लॉट क्रमांक, तारीख, तफावत सत्तर किलो,
त्रुटीचा प्रकार: मोठी.
अठ्ठावीस दिवसांत खुलासा.
मिसेस हॉलगार्थनी सही केली, पेनाचं टोपण
कितीतरी वेळ लावत राहिल्या.
चहावर साय धरली होती.

निघताना क्लिफर्ड दाराशी उभा,
हातमोजा उलटा करून पाणी झटकत.
“माझं नाव घातलंस त्यात?”
मला वाटलं, भ्यायला. म्हटलं, नाही, नाही,
नावाचा रकानाच नाही त्या फॉर्ममध्ये.
फक्त टेबल नंबर.

“घालायला हवं होतंस,” म्हणाला.
“नऊशे माझे होते.”